‘पॉड’ : एका नावाचा पूर्वेतिहास

घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील दिवे मालविल्यावर काचेवर बारीक ठिपके सरकू लागतात. हे कवचधारी वर्गातील जीव होत. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये टाकीत जिवंत खडक ठेवण्याची रीत मांडली. अशा खडकांबरोबरच हे जीव घरांत येतात. मत्स्यपालक त्यांस सरसकट ‘पॉड’ म्हणतात. या संक्षेपात काय गमावले, हे त्याच्या पूर्वेतिहासावरून कळते.

लिनीअसने १७५८ मध्ये यांच्या गोड्या पाण्यातील एका भाईबंदास ‘मोनोक्युलस’, म्हणजे एकाक्ष, म्हटले व त्याची गणना कीटकांत केली. ओ. एफ. म्यूलरने १७८५ च्या ग्रंथात अशा जीवांची अर्भके स्वतंत्र प्राणी समजून त्यांस ‘नॉप्लिअस’ हे वेगळे नाव दिले. झ्यूरीनच्या १८२० च्या ग्रंथात अर्भकापासून प्रौढापर्यंतची वाढ क्रमाने वर्णिली आहे. चूक मिटली, नाव मात्र अर्भकावस्थेस चिकटून राहिले. पुढे १८४० मध्ये मिल्न-एडवर्ड्सने ‘कोपेपोडा’, म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेले, हे नाव रूढ केले. लात्रेयचे ‘ॲम्फिपोडा’ हे नाव १८१६ चे.

दोन्ही नावांत ‘पोड’ म्हणजे केवळ पाय. भेद दाखविणारे पूर्वपद गळाले व समान उत्तरपद तेवढे उरले. मंदारिन मासा मुख्यतः सूक्ष्म कोपेपॉड टिपतो. मोठे ॲम्फिपॉड पाहून ‘पॉड विपुल’ अशी नोंद झाल्यास तो उपाशी राहण्याचा संभव असतो. बोलण्यात संक्षेप चालेल. नोंदीत पूर्ण नावच लिहिले पाहिजे.