उशीर कुठून येतो?

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. जे. आर. डी. टाटांचं पहिलं टपाल-उड्डाण आलं की फळ्यावर लिहायचो, "१५ ऑक्टोबर १९३२, कराची ते मुंबई", आणि पुढे सरकायचो. त्या ओळीचा अर्थ मला फार उशिरा कळला. मुंबईच्या विमानतळावर, पुढचं विमान चुकल्यावर!

आम्हा बीडकरांचा लांबचा प्रवास नेहमीच तुकड्यातुकड्यांचा. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला. त्याआधी एसटीने परळी, नगर नाहीतर औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) गाठायचं आणि तिथून पुढचं वाहन धरायचं. म्हणून आमची आई सांगायची, "एक गाडी आधीची धरा." पण मरण काही आधी सांगून येत नाही.

जानेवारी २०१४. नोकरीनिमित्त कोलकात्याला गेलेले आणि तिथलेच झालेले माझे थोरले बंधू, आमचे दादा, पहाटे गेले. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही या. उद्या सकाळी दहापर्यंत थांबतो." शेजारच्या मुलाने दोन तिकिटं काढून दिली. संध्याकाळी औरंगाबाद ते मुंबई एका कंपनीचं, रात्री मुंबई ते कोलकाता दुसऱ्या कंपनीचं. मध्ये अडीच तास. मला ते भरपूर वाटले.

चिकलठाण्याला सांगितलं, अर्धा तास उशीर. मग आणखी अर्धा. असं करत तीन तास गेले. एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं. आमचं सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलं होतं. म्हणजे सकाळचं दिल्लीचं धुकं रात्री माझ्या पदरात पडलं. मुंबईला उतरलो तोवर कोलकात्याचं विमान गेलेलं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, तिकिटं वेगळी आहेत. पहिल्याच्या उशिराला आम्ही जबाबदार नाही." नियमाने तिचं बरोबर होतं. सगळा प्रवास एका तिकिटावर असेल तर पुढची सोय कंपनीने बघायची. तिकिटं वेगळी असली की जोखीम आपली. मी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. पुतण्या बारापर्यंत थांबला होता.

त्या रात्री खुर्चीत बसल्या बसल्या फळ्यावरची ती ओळ आठवली. आपण ते उड्डाण धाडसासाठी लक्षात ठेवतो, पण ते मुळात कनेक्टिंग फ्लाइटच होतं की! इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेलं विलायती टपाल घेऊन जेआरडींचं एका इंजिनाचं 'पस मॉथ' निघालं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. जुहूला उतरल्यावर पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवत. ना रेडिओ, ना धावपट्टीवर दिवे. तरीही पहिल्या वर्षात ही सेवा शंभर टक्के वेळेवर चालली, अशी शाबासकी सरकारी विमान खात्याने दिली होती. बैलगाडीपासून विमानापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं की पुढे कोणीतरी वाट बघतंय.

पुढे विमानं मोठी झाली, कायदेही झाले. उशिराने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी वाहकावर टाकणारा वॉर्सा करार तर १९२९ चाच. आपल्याकडे उशीर झाला तर प्रवाशांना खाणंपिणं देण्याचे नियम ऑगस्ट २०१० पासून लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि फसलेलं नियोजन यांमुळे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा टीव्हीवर ते चेहरे बघताना मला माझी ती खुर्ची दिसत होती.

धुक्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या अर्ध्या-अर्ध्या तासांवर. पहिल्यांदाच "तीन तास" म्हणाले असते तर पुतण्याला मी चिकलठाण्याहूनच कळवलं असतं, "बाबा, माझ्यासाठी थांबू नकोस." दादांना उगाच ताटकळत ठेवलं, ही सल आजही जात नाही.

असो. दुसऱ्याला बोल लावताना स्वतःचंही आठवतं. वाडीवस्तीवरून एसटीने येणारी पोरं पहिल्या तासाला उशिरा आली की मी त्यांना दाराबाहेर उभं करायचो. बस केव्हा आली, हे बत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांतलं कोणी हे वाचत असेल तर, बाळांनो, आता आत या.