-ऑन (कणनामांतील प्रत्यय)

-ऑन : भौतिकशास्त्रात कणांची नावे घडवणारा इंग्रजी प्रत्यय. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, फोटॉन, बोसॉन ही त्याची परिचित उदाहरणे. ग्रीक भाषेत या प्रत्ययाचा कणाशी काही संबंध नाही. अनेक नपुंसकलिंगी शब्दांचे ते एकवचनी रूप आहे. संस्कृत ‘फलम्’मधला ‘-अम्’ हा त्याचाच भाऊबंद. दोन्हींचे मूळ एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययात आहे.

आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी १८९१ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव सुचवले, तेही विद्युतभाराच्या मूळ एककासाठी. ग्रीकमध्ये हा शब्द अंबराचा, म्हणजे घासल्यावर हलक्या वस्तू ओढून घेणाऱ्या जीवाश्म राळेचा वाचक आहे. जे. जे. टॉमसन यांना १८९७ मध्ये प्रत्यक्ष कण सापडला, तेव्हा ते त्याला ‘कॉर्पसल’ म्हणत. स्टोनींचे नाव त्या कणाला मागाहून मिळाले. रदरफर्ड यांनी १९२० मध्ये हायड्रोजनच्या केंद्रकासाठी ‘प्रोटॉन’ (ग्रीक ‘पहिले’) हा शब्द रूढ केला आणि साचा पक्का झाला.

या साच्याचा सर्वांत काटेकोर विचार मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी केला. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलका कण आढळला होता आणि त्याला ‘मेसोट्रॉन’ म्हणू लागले होते. भाभांनी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आक्षेप घेतला : इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन यांतला ‘ट्र’ मूळ शब्दांतलाच आहे, ‘मेसो’ (मध्य) या शब्दात तो नाही, म्हणून नाव ‘मेसॉन’ असावे. पुढे तेच टिकले. मात्र ज्या कणासाठी हा वाद झाला तो म्यूऑन आज मेसॉन मानला जात नाही, कारण तीव्र आंतरक्रियेत तो भागच घेत नाही. त्याची गणना लेप्टॉनांत होते. ‘लेप्टॉन’ म्हणजे बारीक, हलका. तरी याच कुळातला टाऊ प्रोटॉनच्या सुमारे दुप्पट जड आहे. कणाचे वस्तुमान पाहून दिलेली नावे अशी अपुरी पडतात.

व्यक्तिनामावरून आलेली नावे त्या मानाने निर्धोक. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ चा निबंध आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. त्यातील सांख्यिकी पाळणाऱ्या कणांना डिरॅक यांनी ‘बोसॉन’ म्हटले. फर्मी यांच्यावरून ‘फर्मिऑन’ आला. आज ज्ञात असलेला प्रत्येक मूलकण या दोहोंपैकी एका वर्गात बसतो, त्यामुळे बोस यांचे नाव कोणा एका कणापुरते न राहता निसर्गाच्या एका नियमाला जोडले गेले आहे.

घन पदार्थातील कंपनांच्या ऊर्जापुंजाला ‘फोनॉन’ म्हणतात. तो स्वतंत्र कण नव्हे, पण गणितात कणासारखा वागतो. क्वार्क व न्यूट्रिनो या प्रत्ययाबाहेर राहिले. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन या वायुनामांतील ‘-ऑन’ मात्र थेट ग्रीक विशेषणांतून आलेला असून त्याचा कणांशी संबंध नाही.