चंदावरकर, सर नारायण गणेश
(२ डिसेंबर १८५५–१४ मे १९२३). मुंबई इलाख्यातील नेमस्त राजकारणी, समाजसुधारक व मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. जन्म होनावर (सध्या कर्नाटक राज्य) येथे. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. इंदुप्रकाश पत्राच्या इंग्रजी विभागाचे ते काही वर्षे संपादक होते. १८८५ मध्ये हिंदी जनतेची गाऱ्हाणी ब्रिटिश मतदारांपुढे मांडण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या तिघा प्रतिनिधींत ते एक होते. पुढे मुंबई विद्यापीठातर्फे ते इलाख्याच्या विधिमंडळावर गेले आणि डिसेंबर १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१९०१ मध्ये त्यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. तेलंग, रानडे व बद्रुद्दीन तय्यबजी हेही सार्वजनिक कार्यातूनच न्यायासनावर आले होते. परंतु त्यांपैकी कोणावरही चंदावरकरांइतका कठीण प्रसंग आला नाही. हिंदू कायद्यावरील निर्णयांत मूळ संस्कृत वचनांचा काटेकोर अर्थ लावण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. हीच अर्थनिर्णयाची हातोटी १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकरांच्या कवितांना लागू झाली. कवितांतील देवांची व शिवाजी महाराजांची नावे निमित्तमात्र असून त्यांचा रोख चालू राजसत्तेविरुद्ध युद्धाकडे आहे, असे ठरवून त्यांनी व न्या. हीटन यांनी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा कायम केली. त्या कविता मराठी होत्या. त्यामुळे भाषांतरकाराच्या आड त्यांना राहता आले नाही. नाशिक कटाच्या खटल्यासाठी नेमलेल्या तिघा न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनावरही ते होते. त्याने डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप दिली. माजी काँग्रेस अध्यक्षाच्या हातून हे घडले, याचा रोष जहाल गटात होता. तथापि सशस्त्र मार्गाला त्यांचा विरोध न्यायाधीश होण्यापूर्वीचाच होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९१८ चे त्यांचे काम मात्र अधिक आक्षेपार्ह वाटते. बंगालमधील स्थानबद्धांची ८०६ प्रकरणे त्यांनी न्या. बीचक्रॉफ्ट यांच्यासह वकील वा साक्षीदार न ऐकता, केवळ कागदपत्रांवरून तपासली आणि सहा सोडून सर्वांत सरकारची कारवाई योग्य ठरविली. उलट १९२० मध्ये पंजाबातील अत्याचारांसंबंधीच्या हंटर समितीच्या अहवालाचा निषेध करणाऱ्या मुंबईतील सभेचे अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले.

रानड्यांनंतर प्रार्थनासमाजाचे ते अध्यक्ष होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापिलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९१० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर काही काळ ते इंदूर संस्थानचे दिवाण होते. १९२१ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले. त्या पदावर असतानाच बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.