पायदानांवरील विसरलेली गीते

जुन्या याद्या वाचण्याचा छंद निरुपद्रवी खरा. परंतु तो कधी कधी मनाला प्रश्न विचारतो. पिंपळगाव राजा येथे बसून ‘बिनाका गीतमाला’च्या वार्षिक याद्या चाळताना आम्हांस असाच अनुभव आला.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून ही गीतमाला सुरू झाली. त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविली होती. म्हणून श्रोत्यांनी कोलंबोची लघुलहर धरली. अमीन सायानी यांचे निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि ध्वनिफिती कोलंबोला जात. दर बुधवारी रात्री आठ वाजता गीतांची क्रमवारी ऐकविली जाई. प्रत्येक क्रमांकास सायानी ‘पायदान’ म्हणत. १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी गीतमालेची गोडी ओसरली नाही.

त्याच १९५७ ची यादी पाहावी. ‘मदर इंडिया’, ‘प्यासा’ व ‘नया दौर’ हे चित्रपट त्याच वर्षीचे. तथापि वर्षाचे सर्वोच्च गीत ठरले ते ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक चित्रपटातील. संगीतकार एस. एन. त्रिपाठी, गीतकार भरत व्यास. आज या चित्रपटाचे नाव किती जणांच्या ओठी येते? सर्वोच्च पायदानाची ही कथा, तर खालच्या पायदानांवरील गीतांचे काय झाले असेल!

परंतु याहून खोल विस्मरण दुसरेच आहे. यादीत चित्रपट, गायक व संगीतकार सापडतात. वाद्यमेळ लिहिणारा मात्र सापडत नाही. गोव्याच्या धर्मग्रामांतील संगीतशाळांत मुले पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकत. उपासनेसाठी घेतलेली ती विद्या पुढे मुंबईच्या स्टुडिओंत उपयोगी पडली. संगीतकार चाल बांधी. शेकडो स्वरांचा वाद्यमेळ हे ‘अरेंजर’ कागदावर उतरवीत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्तियन डिसोझा यांनी दीर्घकाळ हे काम केले. सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, यांचे साहाय्य लाभले.

माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे पुत्र. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव गीतात गुंफले. देशभर ते नाव गाजले; पण हा खराखुरा माणूस आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक होते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

गीतमाला १९९४ मध्ये थांबली. २०२४ च्या फेब्रुवारीत सायानीही गेले. याद्या उरल्या आहेत आणि गीतेही पुन्हा ऐकावयास मिळतात. तेव्हा वाचकहो, एखादे विसरलेले गीत सापडले, तर गायकाचा आवाज थांबताच कान अधिक टवकारावेत. दोन कडव्यांमधील व्हायोलिनची लकेर कोणी लिहिली असेल, हे विचारावे. आपल्या धर्मग्रामातही रविवारच्या मिस्साला ऑर्गन वाजविणारा, गायकवृंदास सूर देणारा कोणी असेलच. त्याचे नाव आज नोंदविणे आपल्या हाती आहे; कारण यादीत जे लिहिले जात नाही, ते पुढील पिढीस शोधूनही सापडत नाही.