खोल पाण्यात नाव नेताना : धर्मग्रामातील श्रद्धेचे पाचारण

शेगावच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या बहुतेकांची पावले संत गजानन महाराजांच्या मंदिराकडे वळतात. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज या गावी प्रथम दृष्टीस पडले व ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. दरवर्षी आषाढी वारीसाठी येथून निघणारी पालखी सुमारे महिनाभर पायी चालून पंढरपुरास पोहोचते. मंदिरात शेकडो सेवेकरी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सेवा देतात. अशा गावी राहणाऱ्या मोजक्या कॅथलिक कुटुंबांना, आणि आपणा सर्वांनाही, एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : आमची श्रद्धा आम्हाला किती पावले चालवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे शेजाऱ्याची निष्ठा पाहून आपण अस्वस्थ होण्याचे कारण नाही. मात्र अंतर्मुख होण्याचे कारण निश्चितच आहे.

पाचारण कोणाला?

श्रद्धेत खोलवर जाणे हे धर्मगुरू व धर्मभगिनींचे काम, असा समज आजही आढळतो. त्याच परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी स्वीकृत केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाचे पाचवे प्रकरण या समजाला थारा देत नाही. पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे आणि त्याचा उगम बाप्तिस्म्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ रोजी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा उल्लेख केला. प्रेमाने मुलांना वाढवणारे आईवडील आणि कुटुंबासाठी कष्टणारे स्त्री-पुरुष हे ते संत होत.

तरीही बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी एवढ्यापुरतेच चर्चशी नाते उरलेली कुटुंबे आपल्या पाहण्यात आहेत. ती श्रद्धा सोडत नाहीत. ती किनाऱ्यावरच थांबतात. रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाताने परतलेल्या शिमोनाला प्रभू येशूने नाव खोल पाण्यात न्यावयास सांगितले. संत लूकच्या शुभवर्तमानातील या प्रसंगाचा आधार घेऊन पोप जॉन पॉल दुसरे यांनी ६ जानेवारी २००१ रोजी नव्या सहस्रकाच्या आरंभी ख्रिस्तसभेला साद घातली होती. शिमोन थकलेला होता, त्याला खात्रीही नव्हती. परंतु त्याने शब्द मानला. पाचारणाला प्रतिसाद देणे म्हणजे हेच.

धर्मगुरू नसतील तेव्हा

बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. १९५५ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांताचा विस्तार मोठा आहे आणि श्रद्धावंत विखुरलेले आहेत. दर रविवारी प्रत्येक गावी मिस्सा होणे शक्य नसते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने याचा विचार केला आहे. रविवारच्या मिस्साबलिदानात सहभागी होणे हे कर्तव्यच आहे. परंतु धर्मगुरूंच्या अभावी किंवा अन्य गंभीर कारणाने ते अशक्य झाल्यास, देवशब्दाच्या उपासनेत भाग घ्यावा अथवा एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी एकत्र जमून प्रार्थनेत योग्य तो वेळ घालवावा, अशी आग्रहाची शिफारस कलम १२४८ मध्ये आहे.

त्यासाठी मोठी तयारी लागत नाही. त्या रविवारची वाचने एखाद्याने मोठ्याने वाचावीत, काही क्षण शांत राहावे, आजारी व अडचणीत असलेल्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी, जपमाळेचा एक दशक म्हणावा. दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमतात तेथे तो उपस्थित असतो, हे त्याचेच अभिवचन आहे. मात्र ही प्रार्थना मिस्साबलिदानाची जागा घेत नाही. उलट तिच्यामुळे ख्रिस्तप्रसादाची ओढ वाढावी. संधी मिळेल तेव्हा प्रायश्चित्त संस्कार घेणे हेही त्यातच येते.

वाचणारा समाज

मराठी ख्रिस्ती माणसाला हा मार्ग नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली प्रथम छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत, आपल्या वळणाने तारणाची कथा वाचता-ऐकता यावी, हा त्यामागील हेतू होता. आज फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती आहे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कारही लाभला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला. ग्रंथ कपाटात राहिला, तर ना भाषेचा उपयोग, ना रविवाराचा.

खोलीची परीक्षा

श्रद्धा खोल गेली की नाही, हे भावनांच्या भरतीवरून ठरत नाही. कृतीविना श्रद्धा मृत आहे, असे संत याकोब बजावतात. अबोला धरलेल्या भावाकडे आपण गेलो का? दवाखान्यात एकट्या पडलेल्या वृद्धेची विचारपूस केली का? मुलाला क्रुसाची खूण करावयास शिकवण्यास आपल्याला वेळ मिळाला का? पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या कार्याला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. परंतु मुलाचे पहिले धर्मशिक्षक त्याचे आईवडीलच असतात.

वारकरी महिनाभराची वाट एका दिवसात चालत नाही. तो रोज एक मुक्काम गाठतो. आपणही येत्या रविवारी एक पाऊल टाकूया : घरातील बायबल खाली काढूया, सर्वांना एकत्र बसवूया आणि जवळ राहणाऱ्या एका कुटुंबाला बोलावूया. नाव खोल पाण्यात नेण्यासाठी आधी ती किनाऱ्यावरून सोडावी लागते. प्रभू त्या नावेत आपल्याबरोबर आहे.