चोर पाइनच्या रोपांतून आला, सुळी करंटला

पुण्या-मुंबईच्या आइस्क्रीमच्या दुकानांत ‘ब्लॅक करंट’ सर्रास मिळतं. ते फळ झाडावर पाहिलेली माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. ब्रिटनमध्ये जांभळी गोळी तोंडात टाकली की करंटची चव येते, अमेरिकेत तीच गोळी द्राक्षाची असते. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांना करंटची चवच ठाऊक नाही. उत्तर अमेरिकेत करंट आणि गूझबेरीच्या पन्नासेक जाती रानात आपोआप उगवतात, तरी ही गत. या विसरण्यामागे एका बुरशीचा, एका लाकडी ओंडक्याचा आणि सरकारी मोहिमेचा हात आहे.

आधी या रानजातींपैकी एक झुडूप पाहू. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आणि त्याच्या पूर्वेच्या गवताळ मैदानांत, ओढ्या-नद्यांच्या काठी सोनेरी करंट वाढतं. उंची साधारण पुरुषभर, कधी त्याहून जास्त. गूझबेरीला काटे असतात, याला नाहीत. पानं तीन पाळ्यांची. मुळांतून नवे फुटवे फुटतात आणि बघता बघता जाळी तयार होते. वसंतात पिवळ्या, नळीसारख्या फुलांचे घोस लागतात आणि त्यांना चक्क लवंगेचा वास येतो. फूल जुनं झालं की आतल्या पाकळ्या लालसर होतात. फळ पिवळं, केशरी, तांबडं किंवा काळं, आणि वाळलेलं फूल शेपटीसारखं त्याच्या टोकाला चिकटून राहतं. कडाक्याची थंडी आणि पाण्याचा ताण दोन्ही हे झुडूप सोसतं.

तिथले मूळ रहिवासी ही फळं ताजी खात, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. गव्याचं वाळवलेलं मांस कुटून, त्यात चरबी मिसळून पेमिकन नावाची शिदोरी बनते, तिच्यातही अशी रानफळं पडत. १८०५ च्या जुलैत मिसुरी नदीतून वर जाताना शोधमोहिमेवरच्या मेरिवेदर लुईसला लाल, पिवळी, जांभळी आणि काळी अशी सगळी करंटं पिकलेली भेटली. पिवळं करंट आपल्याकडच्या बागेतल्या करंटांहून सरस आहे, असा निर्वाळा त्याने रोजनिशीत दिला. लांबच्या पायपिटीत भुकेल्या माणसाला काय गोड लागणार नाही, असं कुणी म्हणेल. पण लुईस चिकित्सक नजरेचा होता, त्याचं मत मी तरी मोडीत काढणार नाही. त्याने आणलेले नमुने पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्शच्या हाती आले आणि १८१४ सालच्या ग्रंथात या झुडपाला ‘रायबीस ऑरियम’ हे शास्त्रीय नाव मिळालं.

आता ओंडक्याकडे येऊ. अमेरिकेच्या ईशान्येला पांढरा पाइन वाढतो. त्याच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात. खोड सरळसोट, म्हणून ब्रिटिश आरमाराच्या डोलकाठ्यांना तो हवासा. वसाहतीच्या काळात उत्तम झाडांवर बाणाची खूण कोरून ती राजाची म्हणून राखून ठेवली जात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड वेमथने हाच पाइन इंग्लंडमध्ये आपल्या लाँगलीटच्या जमिनीवर लावला आणि पुढे तो युरोपभर पसरला. तिथे त्याला आशियातून आलेला तांबेरा लागला. १८५६ मध्ये बाल्टिक प्रदेशातून या बुरशीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं.

इकडे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पाइनची जंगलं कुऱ्हाडीखाली गेली. नवी लागवड करायची तर रोपं हवीत, आणि ती जर्मनीच्या रोपवाटिकांत स्वस्त मिळत. म्हणजे अमेरिकेचंच झाड, युरोपात वाढवलेलं, लाखोंच्या संख्येने अमेरिकेत परत आलं आणि येताना रोग घेऊन आलं. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे करंटच्या पानांवर तो दिसला, १९०९ मध्ये जर्मनीहून आलेल्या रोपांवर सापडला. १९१० च्या सुमारास फ्रान्सहून व्हँकूव्हरला आलेल्या रोपांसोबत तो पश्चिमेलाही उतरला.

गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्याला ओळखीचा; त्यासाठी महाबळेश्वरला संशोधन केंद्रही आहे. हा पाइनचा तांबेरा त्याच गोत्रातला, पण एका पाइनवरून दुसऱ्या पाइनवर थेट जात नाही. सुयांतून तो फांदीत शिरतो, काही वर्षांनी वसंतात सालीवर नारिंगी फोड उठतात. त्यातले बीजाणू शेकडो किलोमीटर वाहून जाऊ शकतात, पण रुजतात मुख्यतः करंट-गूझबेरीच्या पानांवर. पानांच्या पाठीवर उन्हाळाभर त्यांची पैदास होते आणि शरदात तिथून नाजूक बीजाणू उडतात, ते जवळच्या पाइनला लागतात. हे बीजाणू सहसा काही शे मीटरच तग धरतात. वनअधिकाऱ्यांनी हिशेब मांडला: पाइनभोवतीचं करंट काढलं की साखळी तुटली.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणायचा मोह होतो. संन्यासी अगदीच निष्पाप नव्हता, हेही खरं. पण रोपं आयात करणाऱ्यांना कुणी मुळासकट उपटलं नाही. १९१२ च्या वनस्पती क्वारंटाइन कायद्याखालचा पहिलाच आदेश या तांबेऱ्यासाठी निघाला. मग काळ्या करंटच्या लागवडीवर बंदी आली आणि रानातल्या झुडपांची शिकार सुरू झाली. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतली तरुण पोरं दोऱ्या बांधून आखलेल्या पट्ट्यांतून चालत, झुडूप दिसलं की कुदळीने उपटत. पुढे तणनाशकं आली. कोट्यवधी झुडपं गेली. पण मुळाचा तुकडा राहिला तरी फुटतो, आणि बी जमिनीत दशकानुदशकं पडून राहून वणव्यानंतर उगवतं. पूर्वेकडे मोहिमेचा उपयोग झाला. पश्चिमेच्या डोंगराळ जंगलांत ती फसली आणि १९६० च्या दशकात गुंडाळली गेली. संघ सरकारची बंदी १९६६ मध्ये उठली, निर्णय राज्यांवर सोपवला गेला. न्यूयॉर्कने काळं करंट २००३ मध्ये मोकळं केलं. मेनमध्ये ते आजही बेकायदेशीर आहे.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला संत्री मिळेनात, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वासाठी लहान मुलांना काळ्या करंटचं सरबत फुकट वाटलं गेलं. एका देशाची पिढी त्या चवीवर वाढली, दुसऱ्या देशाची तिच्याशिवाय. सोनेरी करंट तर युरोपात पाहुणा म्हणून गेलं आणि तिथल्या माळ्यांनी त्याच्या खुंटावर गूझबेरीची कलमं बांधली. कमरेएवढ्या उंचीवर फळ आलं की तोडायला वाकावं लागत नाही.

२००६ मध्ये आयडाहोच्या संशोधनातून कळलं की हा तांबेरा तिथल्या काही रानफुलांवरही बिऱ्हाड करतो. म्हणजे शेवटचं करंट उपटलं असतं, तरी हिशेब पूर्ण झाला नसता. उंच डोंगरांवरच्या व्हाइटबार्क पाइनची २०२२ मध्ये धोक्यातल्या जातींत नोंद झाली, त्यात या रोगाचा वाटा मोठा.

आता भर आहे तो रोगाला दाद न देणारी पाइनची झाडं निवडण्यावर. रोगट जंगलात उभ्या राहिलेल्या निरोगी झाडांचं बी गोळा करायचं, रोपं वाढवायची आणि दमट, गार खोलीत त्यांच्यावर तांबेरा लागलेली करंटची पानं पसरायची. जी रोपं तरतील ती पुढे. या परीक्षेला रोगट पानं भरपूर लागतात. म्हणून ज्या वनखात्याने करंट उपटायला माणसं लावली होती, तेच आता त्याची झुडपं मुद्दाम राखतं.