दोरी ओढल्यावर कोण येते?

लीन व्यवस्थापन मराठी वाचकाला अगदीच परके नाही. भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, कुठेही हिंडलात तरी फाइव्ह एसचे म्हणजे जागेच्या शिस्तीचे तक्ते, कायझेनचे म्हणजे छोट्या सुधारणांचे फोटो आणि पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली जमीन नजरेस पडते. ऑडिटच्या आदल्या दिवशी त्या पट्ट्या नव्याने रंगवल्या जातात, हेही तिथले कामगार हसत हसत सांगतील. साधने सगळीकडे तीच असतात. तरी ती एके ठिकाणी रुजतात आणि शेजारच्या शेडमध्ये वर्षभरात धूळ खात पडतात. असे का होते, हे शोधू लागलो की आपली पावले शॉपफ्लोरवरून जिना चढून साहेबांच्या केबिनकडे वळतात. वरिष्ठ नेतृत्वाचा अभ्यास या क्षेत्रात महत्त्वाचा ठरतो तो त्यामुळेच.

लीनचे मूळ टोयोटात आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी हवी. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. दोष दिसला की थांबायचे, ही कल्पना पुढे मोटारींच्या लाइनवर आली. युद्धोत्तर काळात ताइची ओनो यांनी टोयोटात ही पद्धत बसवायला घेतली तेव्हा विरोध कमी नव्हता. एइजी टोयोडा यांच्यासारखे वरिष्ठ पाठीशी उभे राहिले म्हणून ओनो टिकले. ओनोंचे शिकवणेही निराळेच असे. जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, अधिकाऱ्याला त्यात उभे करायचे आणि समोरचे काम तासन्‌तास बघायला लावायचे. आजच्या किती संचालकांना हे जमेल, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा.

नवख्या वाचकाने सुरुवात करावी ती कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या कारखान्यापासून, असे मला वाटते. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात, संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातून विस्तव जात नव्हता, आणि लाइन मात्र काही झाले तरी थांबवायची नाही, असा दंडक. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तिथेच न्यूमी ही संयुक्त कंपनी सुरू केली. तात्सुरो टोयोडा तिचे पहिले अध्यक्ष. कामगार बहुतेक जुनेच, त्यांची संघटनाही तीच. त्यांच्यापैकी शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली.

ही दोरी नीट समजून घ्या. कामगाराने ती ओढली की दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर लगबगीने तिथे पोहोचतो. गाडी आखलेल्या रेषेपर्यंत जाईतो अडचण सुटली तर ठीक. नाही तर लाइन थांबते. लाइन थांबली की दर मिनिटाला पैसे जातात. म्हणूनच वरचा माणूस ‘काय अडले?’ असे विचारतो की ‘कोणी ओढली?’ असे, यावर सगळे अवलंबून असते. दुसरा प्रश्न एकदा जरी कानावर आला, तरी पुन्हा कोणी दोरीला हात लावत नाही. न्यूमीत पहिला प्रश्न विचारला गेला, कामगारांचा विश्वास बसला आणि गैरहजेरी सुमारे २ टक्क्यांवर आली.

कामगारांचा हा विश्वास नुसत्या भाषणांनी आला नव्हता. कामगारकपातीआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी करण्यासारखे उपाय करू, असे कंपनीने संघटनेशी केलेल्या करारातच लिहून दिले होते. १९८८ मध्ये मागणी घसरली, तेव्हा कोणालाही घरी न पाठवता रिकाम्या हातांना प्रशिक्षण आणि सुधारणांची कामे दिली गेली. माझ्या मते अख्ख्या न्यूमीच्या कथेतला हा सर्वात मोलाचा भाग आहे, आणि साधनांवरच्या पुस्तकांत तो हमखास निसटतो. जनरल मोटर्सने हीच पद्धत लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात नेऊन पाहिली. तिथे ती रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

हे फक्त मोटारींपुरते आहे, असे समजू नका. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅपलन २००२ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानचे कारखाने बघायला गेले. रुग्णाला धोका दिसला तर कोणत्याही कर्मचाऱ्याने काम थांबवावे, अशी सोय मग त्या रुग्णालयात झाली. मोटारींतलेच, पण आपल्या ओळखीचे नाव हवे असेल तर १९९७ मध्ये स्थापन झालेली, बंगळुरूजवळच्या बिडदीची टोयोटा किर्लोस्कर आहेच.

या विषयात शिरताना वाचकांनी जपानी शब्दांची यादी पाठ करण्याची घाई करू नये. १९९० मध्ये आलेले वोमॅक, जोन्स आणि रूस यांचे ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ वाचावे, पण त्याआधी एखाद्या ओळखीच्या कारखान्यात एक शिफ्ट उभे राहावे. वरिष्ठ किती वेळा खाली येतात, आल्यावर कोणाशी बोलतात, वाईट बातमी सांगणाऱ्याचे पुढे काय होते, एवढे टिपून ठेवा. आणि तुम्ही स्वतःच त्या केबिनमध्ये बसत असाल, तर उद्याची सकाळची पहिली बैठक खाली लाइनपाशी घ्या.